सत्तरीतला जोर

‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण किती सहज म्हणून जातो! बर्मिंगहॅमच्या ‘जूडास प्रीस्ट’ या बँडचा ‘फायरपॉवर’ हा अल्बम ऐकला की ती म्हण अडखळते. बँड १९६९ चा. हा त्यांचा अठरावा अल्बम मार्च २०१८ मध्ये आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड ६६ वर्षांचे होते आणि गिटारवादक ग्लेन टिप्टन ७० चे.

हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं आपल्याकडे घरोघरी समजतात. मुलाच्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, की झालं! पण या गोंगाटाच्या पोटात चाल आहे. ‘नेव्हर द हीरोज’ किंवा ‘रायझिंग फ्रॉम रुइन्स’ ऐका. खाली ड्रम आणि गिटारचा मारा चाललेला, आणि वर गुणगुणता येईल अशी सरळ, मोकळी चाल. शब्द नाही कळले तरी ध्रुवपदाला मान डोलतेच. दोन गिटारी कधी आळीपाळीने बोलतात, कधी एकच ओळ जोडीनं म्हणतात.

हॅलफर्ड यांची तार सप्तकातली किंकाळी जगप्रसिद्ध. इथेही ती आहे, पण जपून वापरलेली. बरंचसं गाणं मधल्या पट्टीत, भरदार आवाजात. वय लपवायची धडपड नाही; वय ओळखून गायलंय.

अल्बम यायच्या महिनाभर आधी टिप्टन यांनी आपल्याला पार्किन्सन्स असल्याचं जाहीर केलं. हात थरथरणं म्हणजे काय, ते ज्या घरात असं माणूस आहे त्या घरातल्या बाईला सांगायला नको. या अल्बममध्ये तोच हात वाजला आहे. पुढे दौऱ्यावर त्यांच्या जागी अँडी स्नीप उभे राहिले, आणि टिप्टन जमेल तेव्हा शेवटच्या दोन-तीन गाण्यांना मंचावर येत. स्नीप हे अल्बमचे एक निर्माते. दुसरे टॉम ॲलम, ज्यांनी १९८० चा ‘ब्रिटिश स्टील’ घडवला होता. आणि दुसरा गिटारवादक रिची फॉकनर जन्मलाच मुळी १९८० साली! जुन्यांना अडगळीत टाकलं नाही, नव्यांना ताटकळत ठेवलं नाही. या अल्बमचा जोर आला तो इथून, असं मला वाटतं. घर तरी दुसरं कशावर चालतं?

उणं नाही असं नाही. १४ गाणी, ५८ मिनिटं. उत्तरार्धात दोन-तीन गाणी एकासारखी एक वाटतात. पानात फार वाढलं की चव मरते, तसं झालंय. शिवाय शब्दांत सारखी आग, राक्षस, लढाया. अहिंसेचे संस्कार झालेल्या आपल्या कानांना हे बोचणारच.

पण शेवटचं ‘सी ऑफ रेड’ चुकवू नका. हे संथ गाणं युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं आहे. त्यातला लाल रंग पॉपीच्या फुलांचा; ब्रिटनमध्ये मृत सैनिकांच्या स्मरणार्थ ही फुलं छातीवर लावतात. इतका वेळ आग ओकणारी ही माणसं इथे आवाज खाली आणतात, आणि आधीच्या लढायांची किंमत किती, ते तेव्हा कळतं.

म्हणून मैत्रिणींनो, ऐकायचाच असेल तर हा अल्बम शेवटाकडून ऐका. आधी ‘सी ऑफ रेड’, मग ‘नेव्हर द हीरोज’. तेवढ्यावर मन रमलं, तर मग पहिलं गाणं लावा. आणि आवाज जरा मोठाच ठेवा!