'जॅकल' ते 'फॉक्स' : एका जुन्या वाचकाची खंत

आवडत्या लेखकाविषयी प्रतिकूल लिहिताना लेखणी अडखळते. फ्रेडरिक फोरसाइथ यांच्या बाबतीत तर ती अधिकच अडखळते. कारण ९ जून २०२५ रोजी ते निवर्तले, आणि गेलेल्या माणसाचे गुणच आठवावेत अशी आपली रीत आहे. परंतु लेखकाचे गुण नीट पारखायचे तर त्याचे उणेही प्रामाणिकपणे पाहावे लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'द फॉक्स' ही कादंबरी मी अलीकडेच दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या वाचनातील निराशा कदाचित माझ्याच अवाजवी अपेक्षेतून आली असेल, अशी मनात शंका होती. दुसऱ्या वाचनाने ती फिटली.

महाविद्यालयात असताना धर्मग्रामाच्या छोट्या वाचनालयात, बाबुराव अर्नाळकरांच्या जीर्ण पुस्तकांशेजारी, 'द डे ऑफ द जॅकल' मला प्रथम गवसली. १९७१ सालची ही कादंबरी फोरसाइथ यांनी अवघ्या ३५ दिवसांत लिहिली होती. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या हत्येसाठी नेमलेल्या एका मारेकऱ्याची ही कथा. द गॉल १९७० साली आपल्या राहत्या घरी नैसर्गिक मृत्यूने गेले, हे वाचकाला ठाऊक असते. कट फसणार हे पहिल्या पानापासून उघड असूनही पुस्तक हातातून सुटत नाही. हे घडते कसे?

माझ्या मते याचे उत्तर श्रमात आहे. मारेकरी खेड्यातील दफनभूमीत जाऊन, बालपणीच मृत्यू पावलेल्या एका मुलाचे नाव शोधतो आणि त्या नावाने पारपत्र मिळवतो. तो बंदूक खास घडवून घेतो, रानात जाऊन टांगलेल्या फळावर नेम धरतो. तिकडे क्लोद लबेल हा घरी बायकोच्या धाकात राहणारा साधा पोलीस अधिकारी रात्र-रात्र जागून देशोदेशींच्या अधिकाऱ्यांना दूरध्वनी करतो, कागद चाळतो, चुकतो आणि पुन्हा आरंभ करतो. आपण दोघांच्याही पावलावर पाऊल टाकून चालतो. प्रत्येक पायरी डोळ्यांदेखत रचली गेल्यामुळे ती ढासळण्याची भीतीही आपलीच होते. १९७२ सालच्या 'द ओडेसा फाइल'मध्ये या श्रमाला नैतिक वजनही लाभले. एका वृद्ध ज्यू माणसाची दैनंदिनी हाती पडलेला तरुण जर्मन वार्ताहर आपल्याच समाजाने दडवलेले पाप उकरू लागतो, तेव्हा थरार आणि सदसद्विवेक यांची फारकत उरत नाही.

आता 'द फॉक्स' पाहू. ल्यूक जेनिंग्स हा इंग्लंडमधील एक अबोल, आत्ममग्न मुलगा अमेरिकेच्या अत्यंत सुरक्षित संगणकांत शिरतो. त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याच्या विद्येचा उपयोग करून घ्यावा, असे निवृत्त हेरप्रमुख सर एड्रियन वेस्टन सुचवतात. मग रशियाची युद्धनौका वाळूत रुतते, इराणच्या अणुकार्यक्रमाची गुपिते उघडी पडतात आणि उत्तर कोरियाचीही पाळी येते. कल्पना अशक्य कोटीतील आहे, असे मी म्हणणार नाही. गॅरी मॅकिनन या ब्रिटिश माणसाने २००१-०२ मध्ये अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरकाव केला होता आणि त्याला अमेरिकेच्या हवाली करण्यास ब्रिटनने २०१२ साली नकार दिला, हे सर्वश्रुत आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. हा मुलगा ही कुलुपे कशी उघडतो, हे कादंबरी दाखवीतच नाही. तो कळफलकापुढे बसतो आणि पुढच्या परिच्छेदात दार उघडलेले असते. ज्या लेखकाने बंदुकीचा एकेक भाग आपल्यासमोर जोडून दाखवला, तोच इथे आपल्याला दाराबाहेर उभे करतो. परिणामी एकामागून एक विजय मिळत जातात आणि एकाचीही किंमत कुणाला मोजावी लागल्याचे जाणवत नाही. त्याहून मोठी उणीव ल्यूकच्या चित्रणात आहे. ज्याच्या नावाने कथा उभी आहे, त्याला भय वाटते का, आपल्या हातून काय घडते आहे हे त्याला कळते का, एका अजाण मुलाला राज्ययंत्रणेने हत्यार करावे का, हे प्रश्न लेखक जवळजवळ विचारीतच नाही. 'ओडेसा'च्या लेखकाने ते खचितच विचारले असते. रशियाने धाडलेले मारेकरी मुलाच्या निवासाकडे सरकतात, त्या पानांत मात्र जुना फोरसाइथ क्षणभर जागा होतो; तिथे पुन्हा माती आहे, अंतर आहे, माणसाचा श्वास आहे.

असे का झाले असावे? फोरसाइथ हे मूळचे वार्ताहर. पॅरिस आणि बियाफ्रा त्यांनी स्वतः पाहिले होते. सत्तरी गाठल्यावरही, २००९ साली, ते पुढच्या कादंबरीच्या शोधात गिनी-बिसाऊला गेले आणि नेमकी तेव्हाच तेथील राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली. २०१६ साली, आता असा प्रवास झेपणार नाही, म्हणून थरारकथा थांबवतो, असे त्यांनी जाहीर केले. 'द फॉक्स' त्यानंतरची आहे. आयुष्यभर टंकलेखन यंत्रावर लिहिणारा हा माणूस संगणकाच्या ज्या जगाविषयी इथे लिहीत होता, त्या जगात पायी फिरता येत नाही. त्यांची प्रतिभा पायांतून डोक्याकडे जाई, असे मला वाटते; पाय थांबले आणि माहिती उरली.

म्हणून, वाचकहो, घरातील एखाद्या तरुणाने फोरसाइथ यांचे पुस्तक मागितले, तर त्याच्या हाती 'जॅकल' द्यावे, त्यानंतर 'ओडेसा' द्यावे. 'द फॉक्स' शेवटी वाचावे. ज्याने लेखकाचे बहर पाहिले आहेत, त्यालाच त्याची पानगळ ममतेने पाहता येते. माझी निराशा खरी आहे. परंतु ती मला त्यांनीच लावलेल्या सवयीची आहे, आणि त्या ऋणातून मुक्त होण्याची मला इच्छा नाही.