आधी कोष्टक की आधी वर्ग?

संगणकीय प्रणालीच्या रचनेस प्रारंभ कोठून करावा, याविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मताप्रमाणे माहितीसंचयाचा आराखडा, म्हणजे स्कीमा, प्रथम निश्चित करावा. प्रोग्रॅम त्याच्या अनुरोधाने लिहावेत. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले संबंधाधिष्ठित प्रतिमान हा या मताचा आधार होय. दुसरे मत वर्गांपासून, म्हणजे क्लासपासून, आरंभ करते. वस्तू कोणत्या, त्यांचे व्यवहार कोणते व नियम कोणते, हे आधी ठरवावे. साठवणीचा विचार मागाहून करावा. या मताचे मूळ दाल व न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत सापडते. दोहोंचे बलाबल पारखण्यास पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील जमिनीचे दप्तर हे उत्तम उदाहरण आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ व गाव नमुना १२ यांचा एकत्रित उतारा. त्यात रकाने आखलेलेच आहेत. तेव्हा तेच कोष्टक समजून आरंभ करावा, असे आराखडावाद्यास सहज वाटते. परंतु हा हेत्वाभास आहे. नमुना ७ हा परिणाम होय. त्याचे कारण नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत असते. तलाठ्याने नोंद करणे, हितसंबंधितांना सूचना देणे, हरकती ऐकणे व शेवटी नोंद प्रमाणित होणे, या क्रमानेच नाव बदलते. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण येथील ग्रामस्थ विस्थापित झाले. अशा प्रसंगी पुढे विचारला जाणारा प्रश्न ‘आज नाव कोणाचे?’ एवढाच नसतो. ‘त्या दिवशी कोणाचे होते व कोणत्या आदेशाने गेले?’ हाही असतो. जे कोष्टक जुने नाव पुसून नवे लिहिते, त्यास या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

तेव्हा वर्गवाद्याचा पक्ष सरस ठरतो काय? ‘फेरफार’ ही स्वतंत्र वस्तू आहे, हे त्याच्या ध्यानी प्रथम येते, यात शंका नाही. पण त्याची चूक वेगळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीकडे विहित मंजुरीवाचून हस्तांतरित करता येत नाही. पालघरसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात हे कलम अनेकांच्या उपजीविकेचे कवच आहे. हा निर्बंध एखाद्या प्रोग्रॅमच्या वर्गातच राहिला आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने कोष्टकात परस्पर लिहिले, तर कवच असून नसल्यासारखे होते. शिवाय मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आरंभलेली हक्कनोंदणी आजही चालू आहे. इतके आयुष्य कोणत्याही प्रोग्रॅमला लाभलेले नाही.

दोन्ही पक्षांना समान असलेला एक दोषही नोंदविला पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. गाव तेच, सर्व्हे नंबर तोच; बदलला तो जिल्हा. २०११ च्या जनगणनेत हीच गावे ठाण्याखाली मोजलेली आहेत. गावाची ओळख जिल्ह्याच्या क्रमांकातून साधणारी रचना, ती कोष्टकाची असो वा वर्गांची, येथे कोलमडते.

यावरून निष्कर्ष असा की, दीर्घायुषी दप्तराच्या बाबतीत प्रारंभ आराखड्यापासूनच व्हावा. मात्र तो छापील नमुन्याचा नसून नमुना ज्या कृतींतून घडतो त्यांचा असावा. फेरफार ही मूळ नोंद, सातबारा हा तीवरून काढलेला उतारा, आणि कायद्याचा निर्बंध कोष्टकाच्याच ठायी, अशी ती व्यवस्था होय. कृती ओळखण्यास वर्गवाद्याची दृष्टी हवी, हे आराखडावाद्याने मान्य करावे. आणि त्या ओळखल्यानंतर त्यांची नोंद आपल्या प्रोग्रॅमपेक्षा अधिक काळ टिकणार आहे, हे वर्गवाद्याने विसरू नये.