अ‍ॅपमधला ‘उशीर’ कुणी ठरवला?

पाळीच्या अ‍ॅपवर ‘३ दिवस उशीर’ दिसलं की पोटात गोळा येतो. पण उशीर कशाच्या तुलनेत? बहुतेक अ‍ॅप्स तुमच्या मागच्या पाळ्यांची सरासरी काढून तारीख सांगतात. या महिन्यात स्त्रीबीज कधी सुटलं, हे त्या सरासरीला कळत नाही. ताण, आजारपण किंवा इमर्जन्सी गोळीमुळे ते उशिरा सुटलं, तर पाळीही पुढे जाते.

‘सेफ’ दिवसांचा रंग त्याहून फसवा. शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. तापमानावर चालणाऱ्या ‘नॅचरल सायकल्स’ची ‘अत्यंत अचूक’ म्हणणारी जाहिरातही २०१८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने दिशाभूल करणारी ठरवली.

आपण मराठीत ‘पाळी चुकली’ म्हणतो. खरं तर बऱ्याचदा अंदाज चुकलेला असतो.

म्हणून निरोधाशिवाय संबंध आला असेल, तर अ‍ॅपची तारीख सोडा, त्या दिवसापासून मोजा. इमर्जन्सी गोळी प्रकारानुसार ३ ते ५ दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. कॉपर-टी ५ दिवसांत. आणि पाळी आलीच नाही, तर २१ दिवसांनी टेस्ट करा. उत्तर तिथे मिळेल, अ‍ॅपच्या रंगात नाही.