भ्रमर, भुंगा आणि मोहोळ

संस्कृत काव्यातून मराठीत आलेला भ्रमर आणि मराठी बोलीतील मधमाशी यांची भाषेतील घराणी वेगळी आहेत. भ्रमर पुल्लिंगी, एकटा, रसलंपट. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात तो दुष्यंताच्या हेव्याचा विषय होतो. पाचव्या अंकातील हंसपदिकेच्या गीतात तोच विसराळू प्रियकर ठरतो. भागवताच्या दशम स्कंधात गोपीचा उपालंभ त्यालाच ऐकावा लागतो. कीटक म्हणून या भ्रमराला फारसे अस्तित्व नाही. त्याची 'द्विरेफ' ही संज्ञा तर प्राण्यावरून नव्हे, 'भ्रमर' या शब्दातील दोन रकारांवरून सिद्ध झाली आहे. शास्त्रकारांना लक्षितलक्षणेसाठी हेच उदाहरण सुचावे, हे स्वाभाविक होय.

मधमाशांच्या वसाहतीत फुलांवरून मध गोळा करतात त्या केवळ माद्या. काव्यसंकेताने ही वस्तुस्थिती उलटी केली. बोलीने मात्र माशीचे स्त्रीलिंग सांभाळले आणि लक्ष फुलाऐवजी पोळ्याकडे दिले. आग्या, सातेरी, फुलोरी असे भेद तिने केले. 'मोहोळ उठणे' या प्रयोगात शृंगार औषधालाही नाही. आहे तो समूह आणि त्याचा क्षोभ. आठवणींचेही मोहोळच उठते. फुलाची आठवण राहिली ती 'माधुकरी'त: दात्याला भार न होता घरोघरचे थोडे थोडे घ्यावे, हा त्यातील भाव धम्मपदात भिक्षूच्या संदर्भात आलेला आहे.

या दोन घराण्यांच्या मध्ये भुंगा आहे. घराच्या वाशाला भोक पाडणारा हा कीटक बोलीने नीट पाहिलेला आहे. म्हणूनच चिंतेचा भुंगा मन पोखरतो. (लाकूड कोरण्याचे काम प्रत्यक्षात मादी करते; येथे मात्र बोलीचेही व्याकरण फसले आहे.)

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील भ्रमराचा दृष्टान्त या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा. शंकरालाही युद्धात जिंकणारा अर्जुन मोहाने कवळला गेला, हे सांगताना कोरडे लाकूड भेदणारा पण कोवळ्या कळीत सापडणारा भ्रमर येतो. हा केवळ निसर्गनिरीक्षणाचा दाखला मानणे अपुरे आहे, कारण कल्पना मुळात नवी नाही. चाणक्याच्या नावावर असलेल्या एका सुभाषितातही लाकूड भेदण्यात निपुण असा षट्पद कमळात अडकतो. भेद आहे तो क्रियापदाच्या पातळीवर. सुभाषितातील भ्रमर निष्क्रिय होतो. त्याची शक्ती प्रेमाच्या दोरीने बांधली जाते आणि श्लोक तेथेच संपतो. ज्ञानेश्वरांचा भ्रमर प्राण देतो, पण पाकळी चिरणे त्याच्या जाणिवेतच येत नाही. येथे शक्ती लोपलेली नाही. ती वापरण्याची कल्पनाच स्नेहाने पुसून टाकली आहे. कोवळेपणालाच ज्ञानेश्वर कठीण म्हणतात. हा विरोधाभास सुभाषितात नाही.

अर्थनिर्णयाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. सुभाषिताच्या अंगाने वाचल्यास अर्जुन दुबळा ठरतो आणि पुढील सतरा अध्याय धीर देण्यापुरते उरतात. ज्ञानेश्वरांच्या अंगाने वाचल्यास त्याचे सामर्थ्य अबाधित आहे आणि कृष्णापुढील काम कितीतरी अवघड आहे: ज्याला पाकळी चिरणे ठाऊकच नाही, त्याला ती चिरावयास सांगणे. हा भ्रमर द्विरेफांच्या कुळातला म्हणून सोडून दिला, तर ही अडचण दिसतच नाही. वाशातल्या भुंग्याची ताकद ओळखणाऱ्या वाचकालाच ती दिसते.