उपकार कोणाचे, कृतज्ञता कोणाची?

दत्तक मुलांविषयीचे साहित्य वाचताना आमच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो : या कथेत कृतज्ञ कोणी व्हावयाचे? बहुतेक कथांतून उत्तर आधीच ठरलेले असते. अनाथ लेकराला छप्पर मिळाले, अन्न मिळाले, नाव मिळाले. आता त्याने जन्मभर हात जोडून उभे राहावे. या ठरीव उत्तराला बगल देणारे एक जुने इंग्रजी पुस्तक नुकतेच पुन्हा वाचनात आले. हेलन डॉस या अमेरिकन लेखिकेचे ‘द फॅमिली नोबडी वॉन्टेड’ हे आत्मकथन १९५४ साली प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. ‘कोणालाच नको असलेले कुटुंब’ हा त्याच्या नावाचा अर्थ. त्यावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

हेलन व कार्ल हे कॅलिफोर्नियातील दांपत्य. कार्ल हे मेथडिस्ट पंथाचे पाळक, म्हणजे मिळकत बेताचीच. स्वतःचे मूल होणार नाही हे कळल्यावर त्यांनी डॉनी नावाचे बाळ दत्तक घेतले. त्याला भावंड हवे म्हणून हेलन पुन्हा संस्थांचे उंबरठे झिजवू लागली, तेव्हा नकार पदरी पडले. एक मूल मिळाले आहे, वाट पाहणारी इतर जोडपी पुष्कळ आहेत, असे तिला सांगण्यात आले. त्याच वेळी जपानी, फिलिपिनो, मेक्सिकन, मूळ अमेरिकन अशा वंशांची आणि संमिश्र रक्ताची मुले मात्र संस्थांतून पडून होती. गोऱ्या घरांत ती ‘खपणार’ नाहीत, असा शिक्का त्यांच्यावर बसला होता. हेलनने तीच मागितली. पाहता पाहता घरात बारा मुले झाली. १९५१ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने या कुटुंबावर सचित्र लेख छापला आणि ते देशभर ठाऊक झाले.

पुस्तकाचे मोठे सामर्थ्य त्याच्या सुरात आहे. हेलन स्वतःला पुण्यवती म्हणून कोठेही मिरवीत नाही. मूल हवे होते ते तिलाच. रिकामे घर तिचे होते, आणि मुलांनी ते भरले. म्हणून ऋणकोच्या जागी ती स्वतः उभी राहते. प्रत्येक नव्या बाळाच्या वेळी कार्लचे ‘आता पुरे’ हे पालुपद आणि मग त्याचे विरघळणे, हे प्रसंग तिने खुसखुशीत विनोदाने रंगविले आहेत. पाळकाच्या घरची कथा म्हणून पानोपानी प्रवचने असतील, अशी भीती वाचकाने बाळगू नये. येथील श्रद्धा आणखी एक ताट वाढण्यात दिसते.

तथापि काही उणिवा नमूद करणे प्राप्त आहे. विनोदाचा झरा इतका अखंड वाहतो की मुलांच्या मनातली सल त्याखाली बुडून जाते. ज्या मातांनी ही मुले जन्मास घातली त्यांचे दुःख तर जवळजवळ अदृश्यच आहे. नव्या घराचे हसू जुन्या घरी कोणाच्या तरी अश्रूंवर उभे असते, याची जाणीव लेखिकेने अधिक ठेवावयास हवी होती. एका प्रकरणात मात्र हे हसू थांबते. जर्मनीतील एका कृष्णवर्णीय युद्धबालिकेला आणण्याचा विचार सुरू होताच जवळच्या माणसांचाच विरोध उफाळून येतो. जी घरे इतर मुलांचे कौतुक करीत होती ती या मुलीच्या वर्णापाशी अडतात. कार्लही कचरतो. अखेर ती मुलगी एका कृष्णवर्णीय कुटुंबात जाते. आपल्या घराचा हा पराभव हेलनने लपविला नाही, यासाठी तिला मानावे लागेल.

हे पुस्तक आम्हांला बोचले, त्याचे कारण आमच्याच जवळ होते. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने, घरी चार मुले असताना, नात्यातल्या दोन पोरक्या भावंडांना दत्तक घेतले. उपकारस्तुतीच्या मिस्सात आम्ही प्रवचन केले. या आईबापांचे उपकार तुम्ही जन्मभर विसरू नका, असे त्या दोघांना भर मंदिरात बजावले. लोकांनी वाखाणणी केली. पंधरा दिवसांनी ती आई आमच्याकडे आली. म्हणाली, “फादर, रागावू नका. पण त्या दिवसापासून थोरली जेवताना दुसरी भाकरी मागत नाही.” आम्हांस काय बोलावे ते सुचले नाही.

आमच्या जिभेवर ती भाषा आली कोठून? मराठी मनात ‘दत्तक’ हा शब्द गादी, वारसा आणि वंश यांच्याशी जखडलेला आहे. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य खालसा केले, ते आपण शाळेतच शिकलो. म्हणजे घराण्याला मूल हवे, हीच तेथील मूळ गरज. मुलाला घर हवे, हा विचार मागाहून आला. आम्हां ख्रिस्ती लोकांची स्थिती आणखी अवघड होती. १९५६ चा दत्तकविषयक कायदा आम्हांला लागू नव्हता. १८९० च्या कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे. मूल ‘पाल्य’च राही, वारस होत नसे. २००० च्या बाल न्याय कायद्याने आणि २००६ मधील त्याच्या दुरुस्तीने कोणत्याही धर्माच्या दांपत्याला ही वाट खुली झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. पाल्य हा उपकाराचा धनी, ही समजूत मात्र कायदा बदलला तरी बदललेली नाही.

ख्रिस्तसभेने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा ११० वा नियम दत्तक अपत्यास पोटच्या अपत्यासमान मानतो. आणि संत पौलाने तर आपणां सर्वांचे नाते याच शब्दात सांगितले आहे. रोमकरांस, गलतीकरांस व इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत मिळून पाच वेळा तो दत्तकपणाचा उल्लेख करतो. रोमन कायद्यात दत्तक पुत्र हा पूर्ण वारस असे, हे त्याच्या श्रोत्यांस ठाऊक होते. त्यांना तो सांगतो की तुम्हांला मिळालेला आत्मा दास्याचा नाही, भिण्याचे कारण नाही, तुम्ही पित्याला ‘अब्बा’ म्हणून हाक मारा. भाकरी मागताना बिचकणारे मूल अजून दासच राहिले, असाच याचा अर्थ होतो. युखरिस्त या शब्दाचा मूळ अर्थही उपकारस्तुती. ती पंगतीला बसलेल्या लेकरांनी करावयाची, दाराशी थांबलेल्या आश्रितांनी नव्हे.

हेलन डॉसच्या पुस्तकात हे धर्मज्ञान मांडलेले नाही, पण तिच्या स्वयंपाकघरात ते आचरलेले दिसते. आपल्या धर्मग्रामांच्या वाचनालयांत हे पुस्तक असावे, आणि आम्हां धर्मगुरूंनी ते अवश्य वाचावे. दत्तक मुलांच्या स्नानसंस्काराच्या वेळी आम्ही आता आईबापांनाच वेदीपाशी बोलावतो आणि या मुलांबद्दल देवाचे आभार मानावयास सांगतो. मुलांना काहीच सांगत नाही. त्या थोरलीला आम्ही घरी जाऊन भेटलो, चुकलो म्हणालो. ती गप्प राहिली. पुढे कधी तरी तिने दुसरी भाकरी मागितली, आणि तिच्या आईने ते आम्हांला मुद्दाम येऊन सांगितले.