अतिरिक्त कार्यभार

काही लोकांची संकटे साडेसातीने येतात, माझी परिपत्रकाने येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून "बसा" म्हटले, तेव्हाच मी काय ते ओळखले. आमचे मुख्याध्यापक शिक्षकांशी एरवी उभ्याउभ्याच बोलतात. ते "बसा" म्हणाले की समजावे, काहीतरी आपल्या अंगावर बसणार आहे.

"ग्रंथपाल निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पद काही भरत नाहीत. तुम्ही मराठीचे, म्हणजे पुस्तकांशी तुमचा संबंध—"

"येतो," मी म्हणालो. नाही म्हणण्यासारखा आरोप नव्हता तो.

"तर ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडे. आणि हल्ली सगळं ऑनलाइन आहे म्हणतात. वर्गात काय चालेल, ग्रंथालयात काय चालेल, जरा बघा आणि अहवाल द्या. ही निर्लेखनाची यादी. जी पुस्तकं ऑनलाइन मिळतात ती काढून टाकू. खोली मोकळी होईल."

निर्लेखन हा सरकारी मराठीतला फार सोवळा शब्द आहे. घरात त्यालाच रद्दीत घालणे म्हणतात. यादीवर तीनशेच्या वर पुस्तके होती आणि 'कारण' या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द होता : 'जीर्ण'. हा निकष शिक्षकांना लावला तर शाळा दुपारच्या सुट्टीतच बंद करावी लागेल.

मी वर्गापासून सुरुवात केली. पहिली अडचण अशी, की आमच्या शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे आणि बहुतेक साधनांना मोबाइल लागतो. म्हणून वर्ग संगणक कक्षात नेला. तिथे वीस संगणक आहेत, त्यांतले अकरा जागे होतात. एकेकापुढे चारचार मुले बसवून मी प्रश्नमंजुषेचा एक खेळ लावला. पडद्यावर प्रश्न, खाली चार रंगांत चार उत्तरे, मागे सर्कशीतल्यासारखे संगीत, आणि ज्याचे उत्तर आधी त्याला गुण जास्त. विभक्तीचे प्रत्यय या खेळाने आठवीला एका तासात पाठ झाले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. वीस वर्षे घसा कोरडा करून मला ते जमलेले नाही. मग मला मोह झाला. दुसऱ्या दिवशी मी त्यात कविता घातली. कवितेतली आई दारात थांबून मागे का पाहते, असा प्रश्न आणि खाली चार कारणे. प्रश्न पडद्यावर पुरता उमटायच्या आत एका पठ्ठ्याचे उत्तर आले, आणि बरोबर आले.

"कसं रे ओळखलंस?"

"सर, लाल रंग बराच वेळ आला नव्हता."

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र शेवटपर्यंत बसून राहिली. तिला दोन उत्तरे खरी वाटत होती. माझ्या मते त्या दिवशी वर्गात कविता एवढ्या एकाच मुलीने वाचली. पडद्यावर तिचे नाव सर्वांत खाली होते. अहवालात मी लिहिले : व्याकरणास उत्तम, कवितेस घातक. मुख्याध्यापकांनी 'घातक' शब्दाखाली लाल रेघ मारून 'मर्यादित उपयुक्त' असे केले.

पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींबद्दल मी फार बोलणार नाही. केंद्र सरकारचा 'दीक्षा' मंच २०१७ साली आला. चौकट फोनपुढे धरली की धड्याचे चित्रफितीसकट सगळे साहित्य उघडावे, ही कल्पना चांगलीच आहे. फक्त आमच्या निम्म्या मुलांच्या घरातला एकुलता एक फोन सकाळी वडिलांच्या खिशात बसून रिक्षा चालवायला जातो, तो रात्री नऊला घरी येतो. तोवर धडा झोपलेला असतो आणि मुलगाही.

याउलट मराठी विश्वकोश! पहिला खंड १९७६ साली निघाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मुख्य संपादक, वाईला कचेरी. विसावा खंड २०१५ साली आला. हा सगळा ऐवज आता फुकट उघडतो. आमच्या ग्रंथालयात त्याचे काही खंड आहेत, पण ते काचेच्या कपाटात. त्याची किल्ली मागच्या ग्रंथपालांबरोबर निवृत्त झाली आहे. तेव्हा विश्वकोश मुलांना पहिल्यांदा भेटला तो पडद्यावरच. मी नववीला 'ज्वालामुखी'वर टिपण लिहून आणायला सांगितले. पस्तीस टिपणे आली, पस्तीसही एकच. तर्कतीर्थांच्या काळातली ती भारदस्त मराठी वाचून मला गहिवरून आले. मात्र टिपणाच्या शेवटी सगळ्यांनी 'पहा :' असे लिहून पुढे दोन नोंदींची नावेही उतरवली होती. मी विचारले, "हे काय?" तर एकजण म्हणाला, "आम्ही पाहिलं नाही सर, नुसतं लिहिलंय." हा दोष विश्वकोशाचा नाही. कोश वहीत उतरवण्यासाठी असतो असे मुलांना कुणीतरी शिकवले आहे, आणि तो कुणीतरी मीच असण्याची दाट शक्यता आहे.

मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या कृपेने संगणकावर आला आहे. १८५७ची दुसरी आवृत्ती. आमच्या आजीच्या तोंडचे शब्द शिकागोहून मागवावे लागतात, याचा अभिमान मानावा की लाज हे मी अजून ठरवलेले नाही. पण मुले तिथे जातात ती १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांवर वाढलेली, आणि मोल्सवर्थसाहेबांच्या क्रियापदांच्या डोक्यावर अजून अनुस्वार आहेत. 'करणें'वरचा तो ठिपका पाहून एका मुलाने पडदा पुसून पाहिला.

आता ग्रंथालय. इथे माझी खरी परीक्षा होती.

पुस्तकांची नोंदणी करायला मी 'कोहा' नावाची प्रणाली घेतली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने ती करवून घेतली. आपली जुनी यंत्रणा २००० साल उजाडताच कोलमडेल अशी त्यांना धास्ती होती. जानेवारी २०००मध्ये ती वापरात आली आणि त्यांनी ती जगाला फुकट देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द, त्याचा अर्थ भेट. पण साधी भेट नव्हे, घेणाऱ्यानेही कधीतरी परत काही द्यावे अशी अपेक्षा असलेली भेट. म्हणजे आपला आहेर! एवढे कळल्यावर मला ही प्रणाली अगदी घरची वाटू लागली.

आहेर परत कसा करावा लागतो तेही लवकरच कळले. नव्या पुस्तकांच्या पाठीवर एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, तो घातला की बरीचशी माहिती आयती मिळू शकते. आमच्या कपाटांतल्या बहुतेक पुस्तकांचा जन्म या क्रमांकाच्या आधीचा. त्यांची जन्मपत्रिका हाताने मांडायची. चार महिने, रोज शाळा सुटल्यावर, मी आणि आमचे शिपाई मामा बसत होतो. मामा दाखलनोंद वही वाचायचे, मी टंकायचो. आमच्या आधी हौसेने मदत केलेल्या दहावीच्या मुलांनी काही शे पुस्तके चढवून ठेवलीच होती. त्यात 'पु. ल. देशपांडे', 'पु ल देशपांडे', 'देशपांडे पु. ल.' आणि 'पुल' असे चार लेखक झाले होते. यंत्राला चौघेही मान्य. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम हे तीन सद्गृहस्थ. नाटके लिहिणारे शिरवाडकर वेगळे, कविता लिहिणारे कुसुमाग्रज वेगळे. टोपणनावे जोडून ठेवण्याची सोय कोहात आहे, उत्तम आहे. पण गोविंदाग्रज म्हणजे गडकरी हे आधी कुणाला तरी ठाऊक असावे लागते. ज्याला ठाऊक असते तो निवृत्त झालेला असतो आणि त्याचे पद भरत नाहीत.

वर्गीकरणाची कथा याहून करुण. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातले सगळे ज्ञान दहा घरांत वाटून टाकले. त्यात मराठी साहित्याच्या वाट्याला आली ८९१.४६ ही खोली. पुढे काव्य, नाटक, कादंबरी असे आकडे पडतात, पण चाळ तीच. मराठी शाळेच्या ग्रंथालयात दहातली सात पुस्तके या एका पत्त्यावर! आचार्य अत्रे आणि ना. सी. फडके यांना हयातीत एका खोलीत बसवायचे धाडस कुणी केले नसते, ते ड्यूईने केले.

अशा वेळी मला मद्रासच्या शि. रा. रंगनाथन यांची फार आठवण येते. मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या एकांताला कंटाळून परत वर्गात जायला निघाले होते. म्हणजे त्यांचाही अतिरिक्त कार्यभारच म्हणा. पुढे १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. वाचकाला त्याचे पुस्तक भेटले पाहिजे आणि पुस्तकालाही त्याचा वाचक भेटला पाहिजे, असे त्यातले दोन. थोडक्यात ग्रंथपाल हा वधुवर सूचक मंडळ चालवतो. मी संगणकाला या कसोटीवर बसवले.

सातवीतला एक मुलगा आला. म्हणाला, "सर, 'ययाती' द्या ना, आजीला हवंय." मी टंकले, उत्तर शून्य. खांडेकरांच्या पुस्तकावर ति ऱ्हस्व, १९५९चे पुस्तक ते. मुलाच्या डोक्यात आणि माझ्या बोटांत ती नव्या नियमाने दीर्घ. पुस्तक माझ्या पाठीमागे दोन हातांवर होते. मग 'शामची आई' मागणारी आली. तिलाही यंत्र नाही म्हणाले, कारण साने गुरुजींच्या श्यामला य आहे. मराठी मुलाला आई मिळणे एका जोडाक्षरावर अडले! तिसरा तर म्हणाला, "ते सायकलवाल्या मुलाचं पुस्तक."

मी यंत्रात 'सायकल' घातले. दुरुस्तीचे एक पुस्तक आले.

"फास्टर फेणे," मामा झाडू न थांबवता म्हणाले. "तिसरं कपाट, खालचा खण. तू चार वाचलीस ना बाळा? पाचवं नाही तिथं. ते बाहेर आहे कुठंतरी."

मामा सातवी शिकलेले. कोणत्या मुलाने काय वाचले आणि त्याला पुढे काय आवडेल, हे त्यांना कुठेही न लिहिता ठाऊक असते. हल्ली संगणकही अशा शिफारशी करतात म्हणे, पण ते झाडूही मारतात असे ऐकिवात नाही. मामा येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत.

राहिली यादी. तीनशे पुस्तकांतली ऑनलाइन किती मिळतात हे मी रात्री जागून पाहिले. विकिस्रोतावर हौशी माणसे जुनी मराठी पुस्तके पानन्‌पान तपासून चढवतात, इंटरनेट अर्काइव्हवर हजारो पुस्तकांची छायाचित्रे आहेत. त्या माणसांना माझा दंडवत. पण आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. त्यामुळे १९५० साली गेलेले साने गुरुजी २०११पासून मोकळे, हरिभाऊ आपटे तर केव्हाचेच. खांडेकर २०३७ साली मोकळे होतील, फास्टर फेणेचे भा. रा. भागवत २०६२ साली. नवे लेखक दुकानात मिळतात, फार जुने फुकट मिळतात. मधल्या पिढीचे काय? ज्यांची दुसरी आवृत्ती निघाली नाही आणि कायद्याने जे सुटलेही नाहीत, असे कथासंग्रह, प्रवासवर्णने, मुलांची पुस्तके शाळांच्या कपाटांत असतील तर असतात. आणि आमची 'जीर्ण' यादी नेमकी त्यांचीच होती. जी टाकायची ती कुठेच मिळत नव्हती, आणि जी सगळीकडे मिळतात ती आम्ही जपून ठेवणार होतो.

हे मुख्याध्यापकांना समजावण्याइतके बळ माझ्यात नव्हते. ते यंत्राने दिले. मामांनी वाचलेल्या वह्यांत एक 'येणे बाकी'चीही होती, तीही मी इमानाने चढवली. कोहाने एका रात्रीत थकबाकीची यादी काढून दिली. पहिलेच नाव इयत्ता आठवी 'ब', मार्च १९८४. पुस्तक : फास्टर फेणे. दिवसाला पाच पैसे दंडाने एक्केचाळीस वर्षांचे सात-साडेसातशे रुपये. आमचे मुख्याध्यापक याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत, हे ते दर स्नेहसंमेलनात सांगतात.

मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, काढून वाचला.

"हे... ऑनलाइन नाही का मिळत?"

"२०६२ साली मिळेल, सर."

बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "त्यात तो सायकलवरून असा सुटतो बघा..." आणि थांबले. "बसा ना."

मी बसलो. यादी त्यांनी खणात टाकली. खोलीचे पुढच्या जूनमध्ये बघू म्हणाले. दोन कपाटे तूर्त व्हरांड्यात न्यायची ठरली, पावसाळ्यात त्यांचे काय होणार ते दोघांपैकी कुणीच बोलले नाही.

सोमवारी मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवले. पाठीमागच्या खिशात जुने कार्ड शाबूत होते. मधल्या सुट्टीत तो सातवीतला मुलगा आला. यंत्रात नोंद करायची तर वीज गेलेली. मी कार्डावर मुख्याध्यापकांच्या नावाखाली त्याचे नाव लिहिले आणि मामांना शिक्का कुठे आहे ते विचारले.