‘विंडोज बेकार, लिनक्स कठीण, गुगल भारी’ : या मतांचा रेफ्री रिपोर्ट

पीएचडीला प्रवेश मिळाला की कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर असतोच. गृहीतक म्हणजे काय, कंट्रोल म्हणजे काय, सॅम्पल कसं निवडायचं, हे सगळं आपण वाचतो आणि पेपरात लिहूनही येतो. मग वर्गाबाहेर टपरीवर चहा घेता घेता आपणच म्हणतो, "विंडोज बेकार आहे बापा, नुसतं हँग होऊन राहते." दुसरा म्हणतो, "लिनक्स आपलं काम नाही, ते इंजिनिअरिंगवाल्यांचं." तिसरा म्हणतो, "गुगल सगळं फुकटात देऊन राहिलं, अजून काय पाहिजे?" कोणतं विंडोज, कोणत्या मशीनवर, कशाच्या तुलनेत, हे कुणीच विचारत नाही.

गप्पांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण डेटा कशात ठेवायचा, ॲनालिसिस कशात करायचं, थीसिस कशात टाईप करायचा हे आपण पहिल्या वर्षी याच मतांवर ठरवतो, आणि तो निर्णय पुढची चार-पाच वर्षं सोबत राहतो. म्हणून या पोस्टमध्ये आपल्या वर्धा-हिंगणघाटकडे रोज कानावर पडणारी मतं घेतो आणि रेफ्री पेपर तपासतो तशी तपासतो.

१) "विंडोज हँग होते"

इथे निरीक्षण खरं आहे. मशीन अडकलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. शंका आहे ती कारणाबद्दल. तुम्ही बटण दाबलं आणि स्क्रीनवर काही दिसलं, या दोन्हींच्या मध्ये बरेच थर असतात : डिस्क, रॅम, प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, ॲप्लिकेशन, नेटवर्क, पलीकडचा सर्व्हर. यातला कोणताही थर अडला तरी शिव्या विंडोजलाच पडतात, कारण समोर तेच दिसतं.

जुन्या लॅपटॉपमधली फिरणारी हार्ड डिस्क वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे वाचायला लागली की सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. एसएसडी तेच काम हजारो वेळा करते. टास्क मॅनेजर उघडून पाहा. डिस्कसमोर १०० टक्के आणि प्रोसेसरसमोर १० टक्के दिसत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याआधी डिस्क बदलून पाहायला हवी. दुसरं कारण तर आपल्या जिल्ह्याचं खास. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्रोसेसर जास्त तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. "उन्हाळ्यात लॅपटॉप स्लो होते" हे वाक्य "विंडोज बेकार" पेक्षा कितीतरी चांगलं गृहीतक आहे, कारण ते तपासता येतं. तोच लॅपटॉप, तीच फाईल, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे चालवून पाहायची.

"स्लो" या शब्दाचा आकडा केला की काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण २०२४ चं आहे. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लिनक्सवर काम करताना एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! आपण "नेट स्लो असेल" म्हणून पुढे गेलो असतो. त्याने मोजलं, एकेक थर बाजूला काढला, आणि शेवटी एक्सझेड नावाच्या, फाईल लहान करणाऱ्या छोट्याशा लायब्ररीपर्यंत पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घालून ठेवला होता. २९ मार्च २०२४ ला त्याने हे जाहीर केलं, आणि ती आवृत्ती जगभरच्या सर्व्हरवर पसरायच्या आत थांबली.

या गोष्टीत दोन्ही पार्ट्यांना धडा आहे. "लिनक्समध्ये व्हायरसबियरस काही नसते" म्हणणाऱ्यांना कळावं की तिथेही घुसखोरी होते. आणि "मायक्रोसॉफ्टवाले सगळे असेच" म्हणणाऱ्यांना सांगतो, हा फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरी करत होता.

२) "न वापरताच कळते ना"

विंडोज व्हिस्टा २००७ मध्ये सगळ्यांसाठी बाजारात आलं आणि त्याचं नाव लवकरच खराब झालं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मोहावी एक्स्पेरिमेंट’ नावाची मोहीम केली. व्हिस्टाबद्दल वाईट मत असलेले लोक बोलावले, त्यांना ‘मोहावी’ नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून एक डेमो दाखवला आणि गुण द्यायला सांगितले. गुण भरपूर मिळाले. मग सांगितलं, हेच ते व्हिस्टा!

निष्कर्ष काय काढायचा? कंपनीचं म्हणणं होतं : लोकांची मतं ऐकीव आहेत. ते खरंही आहे. नाव बदललं की मत बदलत असेल, तर मत वस्तूबद्दल नव्हतं, नावाबद्दल होतं. पण आता रेफ्री म्हणून हाच प्रयोग वाचा. मशीन कुणी निवडलं? कंपनीने. डेमो कुणी आखला? कंपनीनेच. लोकांनी घरचा जुना प्रिंटर जोडून पाहिला का, चार वर्षांच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलं का, महिनाभर वापरलं का? नाही. आणि व्हिस्टाबद्दलच्या तक्रारी नेमक्या याच होत्या : ड्रायव्हर मिळत नाहीत, जुन्या मशीनला झेपत नाही. ज्या परिस्थितीत त्रास होतो तीच वगळली, आणि म्हटलं की त्रास नाही! लोकांची मतं कच्ची होती आणि त्यांना खोटं पाडणारा प्रयोगही कच्चाच होता. तुमच्या क्षेत्रातले पेपर वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. समोरच्याचं चुकीचं निघालं म्हणून आपलं आपोआप सिद्ध होत नाही.

३) "लिनक्स कठीण आहे"

कठीण कुणासाठी? महाराष्ट्रात आपल्या पिढीने कॉम्प्युटर शिकला तो बहुतेक एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा कोर्स सरकारी नोकरीच्या अर्जाला लागतो, त्यामुळे तालुक्या-तालुक्यात सेंटर आहेत. आर्वी, देवळी, पुलगावच्या मुला-मुलींच्या हाती पहिल्यांदा माऊस आला तो यातून, हे श्रेय द्यायलाच पाहिजे. पण त्या क्लासमध्ये कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, लिहिणं म्हणजे वर्ड आणि तक्ता म्हणजे एक्सेल.

त्याच काळात केरळमध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तिथल्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर म्हणजे लिनक्सवर शिकवायला घेतलं. ती मुलं काही इंजिनिअर म्हणून जन्माला आली नव्हती. म्हणजे आपण ज्याला ‘कठीण’ म्हणतो त्यातला बराच भाग ‘आधी पाहिलं नाही’ एवढाच असतो. ओळखीचं असणं हा इथला कन्फाउंडर आहे, आणि तो बाजूला केल्याशिवाय सोपं-कठीण ठरत नाही.

बराच भाग म्हटलं, सगळा नाही. एखाद्या लॅबमधलं उपकरण फक्त विंडोजच्या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर तिथे लिनक्सचा आग्रह धरणाऱ्या सिनियरचं काही ऐकू नका. तो सवयीचा प्रश्न नाही, तिथे खरंच अडतं.

४) "एक्सेलमध्ये चालते ना सगळं, मग कायले दुसरं?"

‘चालते’ या शब्दात धोका आहे. प्रोग्राम बंद पडला नाही म्हणजे उत्तर बरोबर आलं, असं नाही. जीवशास्त्रात सेप्ट१, मार्च१ अशी संक्षिप्त नावं असलेली जनुकं होती. एक्सेलमध्ये ती टाकली की एक्सेल त्यांना तारीख समजून ‘१ सप्टेंबर’, ‘१ मार्च’ करून टाकायचं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं, तर जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या पेपरांपैकी जवळपास एक-पंचमांश पेपरांत ही चूक सापडली. लेखक, रेफ्री, संपादक, कुणाच्याच लक्षात आली नव्हती. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय आली ती २०२३ मध्ये.

त्याच २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. फाईल एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमध्ये होती आणि त्यात ६५,५३६ च्या वर ओळी बसत नाहीत. उरलेल्या गळून गेल्या.

आता "एक्सेल वाईट" असं लिहून मोकळं व्हायचं का? नाही. ते वाक्यही तितकंच ढिसाळ आहे. नीट वाक्य असं : "मूळ सेटिंगवर एक्सेल काही मजकूर न विचारता तारखेत बदलतं, म्हणून कच्चा डेटा थेट त्यात उघडून सेव्ह करू नये." हे लांबट वाटेल, पण यावरून कुणीही काहीतरी करू शकतो.

५) "गुगल फुकट देते"

फुकट देते, मान्य. पण किती दिवस, आणि ते कोण ठरवतं? शैक्षणिक संस्थांना गुगल आधी अमर्याद साठवण देत होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालं की जुलै २०२२ पासून पूर्ण संस्थेला मिळून मूळ १०० टेराबाइट. हा आकडा लहान नाही, आणि कंपनीने सांगून-सवरून बदल केला. तक्रार तिच्याबद्दल नाहीच. मुद्दा असा की ‘अमर्याद’ हा शब्द गृहीत धरून पाच वर्षांचा डेटा ठेवणाऱ्याने करार वाचलाच नव्हता. शिवाय संस्थेचा ईमेल पदवीनंतर बंद होऊ शकतो. एक प्रत घरच्या बाहेरच्या डिस्कवर, एक लॅबमध्ये, एक ऑनलाइन ठेवा. मग गुगल भारी की आणखी कुणी भारी, हा वाद निवांत घाला.

६) "युनिकोडमध्ये मराठी बिघडते"

हे मत कोर्टासमोरच्या आणि तहसीलजवळच्या टायपिंग सेंटरवर हमखास ऐकाल. देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, म्हणजे १९९१ पासून आहे. त्यात ‘क’ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाईलच्या आत ‘डी’ हे इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्याच्या जागी ‘क’चं चित्र दाखवतो. कागदावर दोन्ही सारखेच. पण फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाईल उघडली की सगळा इंग्रजी अक्षरांचा खिचडा!

तरी टायपिंगवाल्या दादांचं मत त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे. ते पेजमेकरमध्ये काम करतात, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्यांना कागदावर छापून द्यायचं असतं. तुम्हाला मात्र थीसिस शोधगंगेवर टाकायचा आहे. त्यातला शब्द कुणी शोधला तर तो सापडला पाहिजे. मराठीत प्रश्नावली घेऊन सर्व्हे करणाऱ्यांनी तर हे आधीच ठरवावं, नाहीतर शेकडो उत्तरं हाताशी असूनही त्यात एक शब्द शोधता येणार नाही. मत देणाऱ्याचं काम आणि आपलं काम एकच आहे का, हे आधी पाहायचं.

मग मत मांडायचं तरी कसं?

याचा नमुना शोधायला लांब जायची गरज नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे ठेवलेत, ते बघून या. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं पारितोषिक जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांच्या वर नको. साध्या झोपडीत, बाईला फार श्रम न होता ८ तास चालवता यावा आणि तेवढ्यात १६,००० फूट सूत निघावं. २० वर्षं टिकावा, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा. ‘भारी चरखा’ असं कुठेच लिहिलेलं नाही. कोण वापरणार, कुठे, किती वेळ, किती उत्पादन, किती वर्षं, दुरुस्ती कशी, सगळं आधीच ठरलेलं. पारितोषिक शेवटी कुणालाच मिळालं नाही, कारण अटी मोजता येण्यासारख्या होत्या आणि म्हणून ‘नापास’ही म्हणता आलं.

सॉफ्टवेअरबद्दल बोलताना एवढंच करा. आवृत्ती सांगा, मशीन सांगा, काम सांगा, कशाशी तुलना करताय ते सांगा, आणि काय दिसलं तर तुमचं मत बदलेल तेही सांगा. शेवटचं सांगता येत नसेल तर ते मत नाही, नुसता पक्ष आहे. आणि कुणी "हँग होऊन राहिलं" म्हणालं तर त्याला हसू नका. तक्रार हेच पहिलं निरीक्षण असतं. फ्रॉइंडची सुरुवातही अर्ध्या सेकंदाच्या कुरकुरीपासूनच झाली होती.

या आठवड्यात एक काम करा. स्वतःचं एक ठाम मत घ्या, वरच्या पाच गोष्टी त्यात भरा आणि एका वाक्यात लिहून लॅबच्या वहीत ठेवा. सिनॉप्सिसमधलं गृहीतक लिहायचा सराव यातूनच होतो.